साक्षीच्या कुर्त्याची पाच बटणं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आम्हा सगळ्यांच्या शेवडेबाई, म्हणजे आदरणीय इरावतीबाई शेवडे. मंचावर उपस्थित असलेले, दिव्यांग तपासणी मंडळाचे डॉक्टर रणजित बक्षी साहेब. ज्यांच्यासाठी आपण सगळे रविवारची दुपारची झोप सोडून चौबे कॉलोनीतल्या या हॉलमध्ये जमलो, त्या सत्कारमूर्ती कुमुदताई भागडीकर. आपल्या पालक संघाचे पदाधिकारी. समोर बसलेले बंधू आणि भगिनी. आणि मागच्या रांगेत मोबाइल पाहून राहिलेली आमची पुढची पिढी. सगळ्यांना देवीदास रामटेकेचा मनापासून जय भीम आणि नमस्कार.

निरोपाची भाषणं मला नवीन नाहीत. रेल्वेत चौतीस वर्षं काढली, आणि वर्कशॉपमधून कोणीही निवृत्त होवो, साहेब असो की खलाशी, माइक माझ्याच हातात यायचा. त्यामुळे काय बोलायचं असतं हे मला पाठ आहे. माणूस मनमिळाऊ होता, वेळेचा पक्का होता, कधी कोणाला दुखावलं नाही, आता नातवंडांत रमावं. कुमुदताईंसाठीही मी अशी दोन पानं लिहिली होती. सकाळी हिला, म्हणजे कमलाला, वाचून दाखवली. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "हे कोणाबद्दल लिहिलं?" मी म्हटलं, कुमुदताईंबद्दल. ती म्हणाली, "मंग त्याईचं काही दिसून नाही राहिलं यात." ती दोन पानं मी घरीच ठेवून आलो.

तेव्हा मंडळी, आज तुमच्यासमोर एक गोंधळलेला माणूस उभा आहे. या बाईंचे आभार मानायचे की यांच्याशी भांडायचं, हे मला दहा दिवसांपासून समजलेलं नाही. इथे येताना रिक्षातही समजलं नाही. बोलता बोलता समजलं तर बरंच आहे. नाही समजलं, तर अध्यक्षांनी घंटी वाजवावी, मी गुमान खाली बसतो.

साक्षी माझी मुलगी. पहिल्या रांगेत आईजवळ बसली आहे. बावीस वर्षांची आहे. जन्मापासून तिचा उजवा हात आणि उजवा पाय तिचं ऐकत नाहीत, डावा हात ऐकतो पण थरथरतो. बोलणं हळू आहे, डोकं माझ्यापेक्षा तेज आहे. ती चार वर्षांची असताना गोंदियाला एका डॉक्टरांनी हाताने लिहून, गोल शिक्का मारून एक दाखला दिला होता. पन्नास टक्के. त्या कागदावर तिला दहावीला जास्तीचा वेळ मिळाला, बारावीलाही मिळाला. शेवडेबाईंनी तर शाळेत तो कागद कधी मागितलाच नाही. घंटा झाली की बाकीची मुलं घरी जायची, आणि बाई टेबलाशी स्वेटर विणत बसायच्या, साक्षीचं शेवटचं उत्तर होईपर्यंत. बाई, तुम्हाला आठवत नसेल, आम्हाला आठवतं.

बारावीनंतर कॉलेजात नाव टाकलं, तर तिथले बाबू म्हणाले, हा कागद आता चालत नाही. नवीन पद्धत आली आहे. ऑनलाइन अर्ज करा, मंडळापुढे तपासणी करा, कार्ड आणा, मग परीक्षेत तासाला वीस मिनिटं जास्त मिळतील. ठीक आहे. आमच्या उरला भागातल्या चॉइस सेंटरवर, म्हणजे सरकारी अर्ज ऑनलाइन भरून देणाऱ्या दुकानात, जाऊन अर्ज भरला. पंधरा दिवसांत बोलावतील असं तो चालवणारा म्हणाला. अकरा महिन्यांनी बोलावलं.

आता इथे आमची एक चूक झाली. ती आधी सांगतो, म्हणजे दुसऱ्याच्या सांगायचा मला अधिकार राहील.

विहारात येणाऱ्या शांताबाईंनी कमलाला सांगितलं होतं की तिथे काय काय करायला लावतात. ग्लास उचलून पाणी प्यायला लावतात, केस विंचरायला लावतात, बटणं लावायला सांगतात. झालं. कमलाने हे परीक्षेसारखं घेतलं. आमच्या घरी कोणी कधी परीक्षेला तयारी न करता गेलं नाही. माझ्या बापाने हमाली करून मला शिकवलं, तेव्हा साहेबासमोर उभं राहिलं की जे येतं ते ठणठणीत करून दाखवायचं, रडगाणं गायचं नाही, हे आमच्या हाडातच आहे. कमलाने साक्षीसाठी पिवळ्या कापडाचा कुर्ता शिवला. समोर पाच मोठी बटणं लावली आणि काजं जरा सैल ठेवली. दोन महिने, रोज संध्याकाळी चहानंतर, ही मायलेकींची शिकवणी. पहिलं बटण लागायला तीन आठवडे गेले. ज्या दिवशी पाचही लागली, त्या दिवशी कमलाने पूर्ण पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, जिलेबी वाटली. लोक पोट्टी पास झाल्यावर वाटतात, आम्ही बटणं लागल्यावर वाटली.

तपासणीच्या दिवशी पालकांना आत सोडत नव्हते. जिन्याखालच्या बाकड्यावर आम्ही दोघं बसलो. बक्षी साहेब, त्या दिवशी बाहेर सत्तर माणसं होती. मी मोजली, दुसरा उद्योग नव्हता. आणि आत डॉक्टर तुम्ही एकटेच होता. साक्षी आत गेली आणि सहा-सात मिनिटांत बाहेर आली. कमलाने विचारलं, झालं का बेटा? ती म्हणाली, "हो गया." आमची मुलं मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात, तुमच्याही घरी तेच असेल. कुर्त्याची पाचही बटणं लागलेली होती. कमलाने तिथेच सगळ्यांसमोर तिच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली.

तीन आठवड्यांनी निकाल आला. छत्तीस टक्के.

चाळीसच्या खाली काहीच मिळत नाही. जास्तीचा वेळ नाही, लिहायला मदतनीस नाही. आम्हाला हे समजावून सांगायला लागलं, कारण छत्तीस हा आकडा पाहून कमलाला आधी वाटलं की पास होण्यापुरते तर मिळाले. साक्षी हसली. म्हणाली, "छत्तीसगढ़ में रहते हैं बाबा, छत्तीस ही मिलेगा." ती हसली म्हणून मीही हसलो.

त्यानंतर बी.ए.चं पहिलं वर्ष ती दोनदा नापास झाली. उत्तरं येत नव्हती म्हणून नाही. तीन तासांत तिचा अर्धाच पेपर व्हायचा. परीक्षेच्या हॉलबाहेर मी उभा असायचो, आणि घंटा झाल्यावर सर्वांत आधी तीच बाहेर यायची, कारण तिच्या हातातला कागद सर्वांत आधी ओढला जायचा. आणि मी तीन वर्षं स्वतःला एकच गोष्ट बोलत राहिलो, की देवीदास, तू आणि तुझ्या बायकोने या पोरीचं नुकसान केलं. तिला इतकं चांगलं शिकवलं की साहेबांना तिच्यात काही कमी दिसलंच नाही. जिलेबी आठवली की मला जेवण जात नसे.

आता कुमुदताईंकडे येतो. अध्यक्ष महोदया, घड्याळाकडे पाहू नका, येऊन राहिलो.

दिव्यांग विभागाची ती काच असलेली खिडकी आपल्यापैकी कोणाला माहीत नाही? त्या खिडकीमागे कुमुदताई. पुरानी बस्तीतून सिटी बसने येणाऱ्या, डबा शेजारच्या बाईंना अर्धा देणाऱ्या, आणि दिव्यांग लेकराला उभं पाहिलं की स्वतःची खुर्ची बाहेर पाठवणाऱ्या. हे सगळं खरं आहे. आणि हेही खरं आहे की फेरतपासणीचा माझा अर्ज यांनी सात वेळा परत केला. पहिल्यांदा म्हणाल्या, पोर्टलवर निर्णय झाला असं दाखवतं, त्यामुळे नवा अर्ज चढत नाही. हाताने लिहून नेला, तर म्हणाल्या की ऑनलाइनच पाहिजे. मग हाडांचे डॉक्टर बदलून गेले. नवे आले, ते निवडणुकीच्या कामावर गेले. मग वरून पत्र यायचं होतं. पत्र आलं, तर त्यात दुसऱ्याच कोणाचं नाव होतं. सातव्यांदा काय कारण होतं ते आता मला आठवतही नाही, आणि मला वाटतं त्यांनाही आठवत नसेल. दर वेळी खुर्ची बाहेर यायची, साक्षी बसायची, माझ्यासमोर पाण्याचा ग्लास यायचा, आणि फाइल परत यायची. फाइल देताना कुमुदताई माझ्याकडे पाहत नसत. मला वाटायचं, घमंड आहे.

एकदा मी खिडकीवर हात आपटला. म्हटलं, "मॅडम, तुम्ही आपल्या मराठी लोकांतल्या असून असं काहून करून राहिल्या?" त्यांनी पाण्याचा ग्लास सरकवला. मी तो तसाच ठेवून निघून आलो.

आणि मग मागच्या वर्षी दिवाळीनंतर एक दिवस त्यांचाच फोन आला. "रामटेकेभाऊ, बुधवारी साक्षीला घेऊन या. तुम्हीही आत या." बस इतकंच.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगणं सोपं नाही. मंगळवारी जेवताना मी साक्षीला म्हटलं, "बेटा, उद्या बटण लावू नको." तिने घास खाली ठेवला. म्हणाली, "काहून? मले येते ना." मराठीत बोलली. ती फार दुखावली की मराठीत बोलते. मी म्हटलं, येते म्हणूनच नको लावू. कमला उठून आत गेली. वीस वर्षं ज्या पोरीला तुले येते, तू करू शकते, असं सांगितलं, तिला मी त्या दिवशी सांगत होतो की येत नाही असं कर. हे कोणत्या बापाने करावं? आणि नाही करावं, तर तिच्या पेपरचं काय करावं? मले सांगा. मी अजून विचारून राहिलो.

माझी भाषा घसरली, माफ करा.

बुधवारी आम्ही आत गेलो. समोर हेच बक्षी साहेब, आणि बाजूच्या टेबलाशी कुमुदताई; तपासणीच्या दिवशी नोंदी लिहायला त्याच आत बसायच्या. बाहेर तशीच गर्दी. साहेब म्हणाले, "बेटा, बटन खोलो, फिर लगाओ." तोच पिवळा कुर्ता होता, आतून बनियन घातलेलं. तिने बटणं काढली. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. आणि तिने पहिलं बटण हातात घेतलं. ते सुटलं. परत घेतलं. बाहेरून कोणी दार ढकललं, तर कुमुदताई उठल्या, दाराला कडी लावली आणि दाराला पाठ टेकून उभ्या राहिल्या. साहेबांनी पुढचा कागद ओढला, तर त्या म्हणाल्या, "सर, इधर देखिए. पूरा होने तक देखिए." एका लिपिकाने डॉक्टरांना असं सांगणं काय असतं, हे रेल्वेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला विचारा. साहेबांनी पेन खाली ठेवलं. साहेब, तुम्ही पेन खाली ठेवलं, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे.

नऊ मिनिटं लागली. तिचा चेहरा घामाने भिजला, खालचा ओठ दातांत धरून धरून पांढरा झाला. पाचवं बटण लागल्यावर ती साहेबांना म्हणाली, "आज मैंने लगाया." मला वाटलं, पोट्टी खुशीत बोलून राहिली. मी अर्थ लावला नाही.

चोपन्न टक्के आले. कार्ड आलं. त्या दिवशी घरी साक्षीने विचारलं, "बाबा, मैं छत्तीस की हूँ या चौवन की?" बटणं तर दोन्ही वेळा लागली होती. मग तीन वर्षांत पोरीची काय कमी वाढली? मला वाटलं, नशीब, साहेबांचा मूड, सरकारचा कारभार. आपण असंच म्हणतो आणि पुढे जातो.

दहा दिवसांपूर्वी कुमुदताई आमच्या घरी आल्या. पहिल्यांदाच. उन्हात, ट्रकच्या धुळीतून, पत्ता विचारत. कमलाने चहा ठेवला. त्या चहाला शिवल्या नाहीत. साक्षीला म्हणाल्या, "तू यांना सांगितलं नाहीस ना?" साक्षीने नाही म्हणून मान हलवली.

मग त्यांनी सांगितलं, आणि आज त्यांच्याच परवानगीने मी तुम्हाला सांगतो. पहिल्या तपासणीच्या दिवशी साक्षीने बटणं काढली आणि तिचा हात आखडला. एकही लागेना. अठरा वर्षांची मुलगी, कुर्ता उघडा, दारात पुरुष डोकावून राहिलेले. साहेब मान खाली घालून आधीच्या माणसाचा कागद पूर्ण करत होते. तर या बाई टेबलामागून उठल्या, तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी पाचही बटणं स्वतःच्या हाताने पटापट लावून टाकली. कोणतीही आई लावेल तशी. साहेबांनी मान वर केली, बटणं लागलेली दिसली, त्यांनी खूण केली. पुढचा नंबर.

निकाल पाहिल्यावर कुमुदताईंना समजलं. बोलायला पाहिजे होतं. बोलल्या नाहीत. फेरतपासणीसाठी पहिल्या दिवशी काय झालं ते लिहून द्यावं लागतं, आणि ते लिहिलं असतं तर तपासणीत ढवळाढवळ केली म्हणून यांची चौकशी झाली असती. नोकरीची शेवटची वर्षं होती. म्हणून सात वेळा फाइल परत. आणि एक दिवस, त्यांच्याच शब्दांत सांगतो, "तिला दुसऱ्यांदा नापास झाल्याचं खिडकीवर सांगताना ऐकलं आणि घरी जाऊन मला जेवताच आलं नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहून दिलं, की पहिल्या तपासणीत बटणं मी लावली होती. सही केली. म्हणून फाइल उघडली. त्यांच्या सेवापुस्तकात जो शेरा पडला, तो तसाच घेऊन त्या परवा निवृत्त झाल्या. पालक संघाला त्यांनी सांगितलं, सत्कार करायचाच असेल तर रामटेकेभाऊंना बोलू द्या, आणि त्यांना सगळं बोलू द्या.

त्या गेल्यावर मी साक्षीला विचारलं, "तुले माहीत होतं. तू आमाले सांगितलं काहून नाही?" तिने कुमुदताईंचा न प्यायलेला चहा बाजूला सरकवला. मग म्हणाली, "आई ने दो महीने सिखाया था. जलेबी बाँटी थी. मैं कैसे बोलती कि नहीं हुआ?"

मंडळी, आता मला सांगा, मी कोणावर रागवू? साहेबांवर, ज्यांच्यापुढे सत्तर माणसं होती आणि डोळे दोन? कुमुदताईंवर, ज्यांनी माझ्या पोरीची लाज झाकली आणि मग भ्यायल्या? की आमच्यावर, ज्यांनी घरात अशी हवा केली की पोरीला जमलं नाही हे सांगायलाही तिला लाज वाटावी? तीन वर्षं गेली ती तर खरीच गेली. ती कोणीही परत देणार नाही. कुमुदताई, मी तुम्हाला माफ केलं का, मले माहीत नाही. रात्री वाटते केलं, सकाळी वाटते नाही. तुमच्याबद्दल माया वाटते, हे मात्र पक्कं आहे, आणि राग येतो हेही पक्कं आहे. दोन्ही सोबतच येऊन राहिले. सात वेळा दिलेलं पाणी मी एकदाही प्यायलो नाही, त्याचं वाईट वाटते.

आता शेवटचं. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं आहे की शाल आणि श्रीफळ बक्षी साहेबांच्या हस्ते. साहेबांची परवानगी घेऊन त्यात थोडा बदल केला आहे. कुमुदताईंना शाल साक्षी पांघरणार. हे माझं सांगणं नाही, तिचं आहे. काल तिने आईला बजावलं की मला शिकवू नको, मी अशीच जाईन. शाल घडीची आहे, ती तिलाच उलगडायची आहे. ती खाली पडेल. ती उचलेल. पायऱ्या तीन आहेत, त्याही तीच चढेल.

तेव्हा एवढा वेळ मन लावून ऐकलंत त्याबद्दल आपल्या सगळ्यांचे, अध्यक्षांचे, साहेबांचे आणि पालक संघाचे आभार मानतो. बोलण्यात कोणाला लागलं असेल तर पोटात घाला. पुढच्या कार्यक्रमाला उशीर होईल, त्याची माफी मात्र मी मागणार नाही. आम्ही तीन वर्षं थांबलो, आपण दहा मिनिटं थांबा. मधेच टाळ्या वाजवू नका, ती घाबरते. कोणी मदतीला उठू नका. आणि कुमुदताई, तुमच्या पाया पडतो, तुम्हीही हात पुढे करू नका.

ये बेटा.